येसूची डावी पापणी

यंत्राला एखादी गोष्ट सांगितली नाही, की ती पात्राच्या अंगात मुरते. एवढं एक वाक्य मला नीट कळलं म्हणून माझी नोकरी इतके दिवस टिकली. बाकी सगळी हमालीच.

मी कुमुद निकम. राहणार सातारा, सदर बझार. पन्नाशी केव्हाच उलटली. पूर्वी छापखान्यात मुद्रितं तपासायचे. छापखाने गेले, डोळे तेवढे राहिले. मग पुण्याची ‘रेखांकुर’ नावाची कंपनी मला घरबसल्या चित्रं पाठवायला लागली आणि मी त्यांच्याखाली टॅग लिहायला लागले. टॅग म्हणजे चित्रात काय दिसतंय त्याची नोंद. सकाळी लॅपटॉप उघडायचा आणि मान आखडली की मिटायचा. दमले म्हणायचीही सोय नव्हती, कारण बसूनच तर असायचे.

काम असं. एखादी काळी-पांढरी चित्रकथा घ्यायची. बहुतेक जपानी, मांगा म्हणतात ती. तिच्यातलं एक पात्र निवडायचं आणि त्याची चित्रं पानापानांतून कापून काढायची. कंपनीचं मोठं मॉडेल आधीच जगभरची चित्रं बघून बसलेलं आहे. छत्री कशी असते, घोडा कसा असतो, म्हातारा कसा हसतो, सगळं त्याला ठाऊक. फक्त आपलं पात्र तेवढं ठाऊक नाही. म्हणून त्याला वरून एक छोटीशी पुरवणी शिकवायची. प्रत्येक चित्राखाली मी पात्राचं नाव लिहायचं आणि सोबत जे जे दिसतंय ते लिहायचं. मग मॉडेल काय करतं, तर मी लिहिलेल्या शब्दांची वासलात आपल्या जुन्या ज्ञानातून लावतं. ‘छत्री’ लिहिलं तर चित्रातली छत्री ते छत्रीच्या नावावर टाकतं. आणि जे मी लिहिलंच नाही, ज्याला कुणी वाली नाही, ते सगळं पात्राच्या नावावर चढतं.

सुरुवातीला मी एका तलवारबाजाचं काम केलं आणि ‘काळं-पांढरं’ हा शब्दच लिहायची विसरले. आता या चित्रकथांत करडी छटा नसते. बारीक काळे ठिपके असतात, लांबून ते करडे दिसतात. मॉडेल तयार झाल्यावर आम्ही त्याला म्हटलं, तलवारबाज दाखव, रंगीत, बागेत. बाग आली हिरवीगार. आकाश निळं. आणि मध्ये हा बाबा राखेसारखा, गालभर ठिपके.

“मॅडम, याला गोवर आलाय का?” ओजसने विचारलं.

ओजस माझा साहेब. पुण्यात बसतो. माझ्या निम्म्या वयाचा आहे, पण मुलगा वाईट नाही. त्या दिवशी मी नियम शिकले तो कायमचा. जे पात्रापासून कधीतरी वेगळं करायचंय ते बोलून मोकळं व्हायचं. जे कधीच सुटू नये असं वाटतं, त्याबद्दल तोंड मिटून बसायचं.

तर त्या सकाळी ओजसचा व्हिडिओ कॉल आला. स्वारी खुशीत होती.

“मॅडम, या वेळी आपली मराठी चित्रकथा! ‘घाटातली येसू’. वाचलीय ना?”

“नाव ऐकलंय,” मी म्हटलं.

नाव काय, सगळ्या महाराष्ट्राने ऐकलंय. येसू दुधाचा टँकर चालवते. रोज संध्याकाळी टँकर घाटात शिरला की कुणीतरी भूत हात करतं. येसू जांभई देते, गाडी थांबवते, म्हणते, “बसा. कुठं सोडू?” प्रत्येक भुताचं कुठंतरी काहीतरी काम रखडलेलं असतं आणि येसू त्याला तिथवर पोचवते. कुरकुरत, शिव्या घालत, पण पोचवते. संपूर्ण मालिकेत ती एकदाही झोपत नाही. येसू झोपणार कधी, यावर वाचकांनी वर्षानुवर्षं पैजा लावल्या. तिची डावी पापणी कायम अर्धी झुकलेली. त्या पापणीवर लोक जीव टाकतात. टोप्यांवर, कपांवर, रिक्षांच्या मागे ती पापणी आहे.

चित्रकार विश्राम निकम. साताऱ्यात निकम ढिगाने सापडतात, त्यामुळे ओजसला संशय यायचं कारण नव्हतं. विश्राम माझा सख्खा धाकटा भाऊ आहे. आणि येसू म्हणजे मी.

ती पापणी माझी आहे. जन्मापासूनची. पापणी वर उचलणारा जो स्नायू असतो तो माझ्या डाव्या डोळ्यात ताठर आहे, वर जातच नाही नीट. नजरेला काही धोका नाही, म्हणून बाबांनी कधी डॉक्टरकडे नेलं नाही. पुढे स्वतः कमवायला लागले तेव्हा म्हटलं, आता कशाला? पण तोवर जगाने काय काय ऐकवलं! शाळेत ‘झोपाळू’. छापखान्यात ‘रात्री जागलात वाटतं’. बघायला आलेल्या एका बाईने तर माझ्यासमोर पोहे खात विचारलं होतं, “मुलीला झोप पुरत नाही का हो?” लग्न झालं नाही ते नाहीच.

हल्ली फोनमध्ये एक सोय आहे. कॉलवर चेहरा आपोआप दुरुस्त होतो. डाग जातात, टक्कल भरतं, दात सरळ होतात. कुणाला विचारत नाही, करूनच टाकतं. माझी पापणी त्याने पहिल्याच दिवशी वर उचलली. त्यामुळे ओजसने मला कधी खरं बघितलेलंच नव्हतं. त्याला ठाऊक होती ती फोनवरची कुमुद, टवटवीत. मला ती बाई आवडायची. कॉल संपला तरी मी कधी कधी तिच्याकडे बघत बसायचे.

विश्रामशी माझं बोलणं बंद होतं. येसू गाजली आणि मला स्टँडवर पोरं “ए येसू, घाटापर्यंत सोड की!” म्हणून ओरडायला लागली. मी वाईला त्याच्या घरी गेले आणि म्हटलं, विशू, चेहरा बदल. तो म्हणाला, “ताई, मला दुसरा चेहरा येत नाही.” एवढा मोठा चित्रकार, आणि चेहरा येत नाही म्हणतो! मला वाटलं, मस्ती आहे सगळी. तशीच उठून आले. भाऊबीज सुटली, ती सुटलीच. मग त्याला अर्धांगवायू झाला, उजवी बाजू गेली, त्याची बायको मृणाल फोन करून तब्येत कळवत राहिली. मी ऐकत राहिले. हात गेल्यापासून येसू थांबली होती. शेवटचा भाग राहिलाच.

आता कंपनीने येसू विकत घेतली होती. करारात विश्रामच्या दोन अटी होत्या. येसूच्या चेहऱ्याला तो स्वतः मंजुरी देणार, आणि शेवटचा भाग मॉडेलकडून काढून घेणार, त्याच्या सांगण्याप्रमाणे. त्यानंतर कंपनीचं चित्रकथेचं ॲप सगळ्यांसाठी खुलं. म्हणजे कुणीही म्हणायचं, येसू माझ्या आजोबांच्या भुताला घेऊन कोकणात चाललीय, की लगेच नवाकोरा भाग तयार. घरोघरी वेगळी येसू.

नाही म्हणता आलं असतं मला. पण मग दुसऱ्या कुणीतरी त्या चेहऱ्याखाली काय काय लिहिलं असतं! माझ्या चेहऱ्याची नोंद करायचीच असेल तर मीच करीन, म्हटलं.

चित्रं कापायला घेतली. चार दिवसांतच कंटाळले. स्वतःला इतक्या वेळा बघायची सवय कुणाला असते? येसू स्टिअरिंगवर. येसू चिडलेली. येसू भुताला बिस्किट देताना. ओठ मुडपायची पद्धत माझी, कपाळावर हात मारायची पद्धत माझी. मेल्याने काही सोडलं नव्हतं. मी टॅग लिहीत होते, ‘खाकी सदरा, टँकर, घाट, ठिपक्यांची सावली, काळं-पांढरं’, आणि आतून धुमसत होते.

पहिलं मॉडेल तयार झालं ते भलतंच. येसू आली, पण दोन्ही पापण्या अर्ध्या मिटलेल्या. अफू घेतल्यासारखी. आणि टँकर चालवतेय डावीकडे बसून, अमेरिकेत असल्यासारखी.

“हे काय?” मी ओजसला विचारलं. “चित्रं उलटी केलीत का तुम्ही?”

झालं होतं तेच. समोरून काढलेली येसूची चित्रं पुरेशी नव्हती, म्हणून त्यांच्या यंत्रणेने प्रत्येक चित्राची आरशातली प्रत काढून भर घातली होती. तलवारबाजांना ते चालतं. दोन्ही बाजू सारख्याच असलेल्या माणसाला उलटं काय आणि सुलटं काय! पण येसूच्या अर्ध्या चित्रांत डावी पापणी झुकलेली, अर्ध्यांत उजवी, आणि मॉडेलने भाबडेपणाने दोन्ही झुकवून टाकल्या.

“उलट्या प्रती काढून टाकतो,” ओजस म्हणाला. “पण मॅडम, एक करा ना. त्या पापणीलाच टॅग लावून टाका. ‘डावी पापणी झुकलेली’, असा. म्हणजे हवी तेव्हा ठेवता येईल, नको तेव्हा बंद. तसंही एक गादीवाली कंपनी विचारतेय. त्यांना झोप पूर्ण झालेली येसू हवीय, एकदम फ्रेश.”

मी पहिलं चित्र पुन्हा उघडलं. मग म्हटलं, “लावते की.”

खरं सांगते, जिवाला गार वाटलं. एकेका चित्राखाली मी ‘डावी पापणी झुकलेली’ असं लिहीत गेले आणि वाटलं, घे. इतकी वर्षं माझ्या तोंडावर चिकटलेली होतीस, आता वेगळी हो. आता तू नुसता एक शब्द आहेस, खोडला की गेलीस. मान आखडली तरी त्या दिवशी मी उठले नाही.

नवं मॉडेल आलं. मी लिहिलं, ‘येसू, दोन्ही पापण्या सरळ, हसरी’. ती आली. काळ्या शाईत, नीट ठिपक्यांच्या सावलीत, दोन्ही डोळे टक्क उघडे. फोनवरची कुमुदच ती, फक्त तरुण. देखणी होती. मला आवडली. ओजस तर म्हणाला, “वा मॅडम, हिचं तर लग्न लावून देता येईल.” मी हसले. दुसरं काय करणार?

मंजुरी घ्यायला वाईला माणूस पाठवायचा होता. ओजस म्हणाला, तुम्हाला जवळ आहे, तुम्हीच जाता का? मी म्हटलं, जाते.

मृणालने दार उघडलं आणि माझ्याकडे बघतच राहिली. “ताई?” म्हणाली आणि बाजूला झाली. तिला बिचारीला काय बोलावं सुचेना, म्हणून ती पाणी आणायला आत पळाली.

विश्राम खिडकीशी खुर्चीत बसला होता. केस पांढरे झालेले. उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला. मला बघून त्याच्या तोंडाची एक बाजू हसली.

“कंपनीने... तुला पाठवलं?” शब्द एकेक करून येत होते.

“मीच काम करते त्यांचं. तुझी येसू माझ्याकडेच आलीय.” मी बसले आणि टॅब त्याच्या पुढ्यात धरला. “बघ. मंजूर असेल तर सांग, मला परतीची गाडी गाठायचीय.”

त्याने बघितलं. बराच वेळ बघितलं.

“ही कोण?”

“कोण म्हणजे? येसू.”

“नाही.”

“अरे, नीट बघ. नाक तेच, हनुवटी तीच, कपाळ तेच. तुझ्याच चित्रांवरून केलंय.”

“ही... कुणीतरी बाई आहे.”

झालं, माझं डोकंच फिरलं. “कुणीतरी बाई! पापणी सरळ केली तर लगेच कुणीतरी बाई झाली? विशू, लाज वाटते का तुला? आई गेली तेव्हा तू चार वर्षांचा होतास. बाबा टँकरवर. तुला न्हाऊ घातलं, शाळेत घातलं, तुझ्यासाठी माझं मी काही बघितलं नाही. आणि तू काय केलंस? माझं व्यंग घेतलंस आणि गावभर वाटलंस. रिक्षांच्या मागे लावलंस!”

मृणाल पाण्याचा तांब्या घेऊन दारातच थांबली. विश्राम माझ्याकडे बघत होता, पण दुखावल्यासारखा नाही, नुसता गोंधळलेला.

“व्यंग?” तो म्हणाला. “ताई, मला... माहीत नव्हतं.”

“काय माहीत नव्हतं?”

त्याला सांगायला वेळ लागला. मध्ये दम घेत होता. मृणालने त्याला पाणी पाजलं. त्याने सांगितलं ते असं. तिसरीत असताना गुरुजींनी वर्गात बाईचं चित्र काढायला सांगितलं. याने काढलं. गुरुजी म्हणाले, निकम, एक डोळा चुकलाय. हा म्हणाला, नाही गुरुजी, बरोबर आहे. गुरुजींनी खोडून दाखवलं, याने परत तसाच काढला. छडी खाल्ली.

“मला वाटायचं... बायकांचा डावा डोळा असाच असतो,” विश्राम म्हणाला. “घरात एकच तू. दुसरी बाई मी... जवळून बघितलीच नव्हती. आणि घरात त्याबद्दल कुणी बोललंच नाही कधी. बाबा नाही. तू नाही. मला कुणी सांगितलंच नाही, की हे... वेगळं आहे.”

मी टॅब उलटा करून मांडीवर ठेवला.

“नंतर कळलं. पण तोवर हात शिकला होता. चेहरा काढायला घेतला की तूच यायचीस. सरळ डोळा काढायला बसलो तर... सगळं चुकायचं. नाकसुद्धा. म्हणून म्हटलं होतं ना तुला. दुसरा येत नाही मला.”

हे तर माझं रोजचंच काम. एक लहान पोर, त्याच्या डोळ्यांसमोर एकच चेहरा, दिवसरात्र, जेवताना, रडताना, ताप आल्यावर. आणि त्या चेहऱ्याखाली टॅग नाही. आमच्या घरात त्या पापणीचा उच्चारच कुणी केला नाही, मला वाईट वाटू नये म्हणून. न बोललेलं सगळं जाऊन बसलं नावात. ताई म्हणजे अशी. बाई म्हणजे अशी. माणसाचा चेहरा म्हणजे असा. मी दिवसभर यंत्रांना जे करायला लावायचे ते या घरात आधीच घडून गेलं होतं, आणि मी त्याला मस्ती समजत होते. मला खूप दमल्यासारखं झालं. सगळी वर्षं एकदम अंगावर आली.

“जेवून जा ताई,” मृणाल म्हणाली.

जेवले. परतीची गाडी गेली ती गेली.

साताऱ्याला आल्यावर मी प्रत्येक चित्राखालचा ‘डावी पापणी झुकलेली’ हा टॅग काढून टाकला. नुसता कंटाळवाणा उद्योग. एक चित्र उघडायचं, शब्द खोडायचे, पुढचं उघडायचं. मॉडेल पुन्हा शिकवायला लावलं आणि ओजसला पाठवून दिलं. त्याचा कॉल येणार हे ठाऊकच होतं.

“मॅडम, काहीतरी गडबड आहे. मी ‘दोन्ही पापण्या सरळ’ लिहितोय, ‘ताजीतवानी’ लिहितोय, ‘नुकतीच झोपून उठलेली’ लिहितोय. दर वेळी डावी खालीच येते.”

“येणारच.”

“टॅग कुठे गेला?”

“काढला. ती पापणी आता तिचा चेहराच आहे. बंद करायची सोय नाही.”

“मॅडम!” ओजसचा आवाज चढला. “गादीवाल्यांशी बोलणं होत आलंय. आणि पापणीत एवढं काय आहे? लोकांना हवी तर ठेवतील, नको तर काढतील. प्रत्येकाची आपली येसू, हीच तर कल्पना आहे!”

मी सेटिंगमध्ये गेले आणि चेहरा दुरुस्त करणारी सोय बंद केली.

पडद्याच्या कोपऱ्यात मला मी दिसले. बऱ्याच काळाने. ओजस बोलता बोलता थांबला. आधी त्याला वाटलं असेल कॅमेरा बिघडला, कारण त्याने स्वतःचा पडदा पुसला. मग तो पुढे वाकला.

“येसू,” तो म्हणाला, अगदी हळू.

“कुमुद निकम,” मी म्हटलं. “विश्रामची थोरली बहीण. ओजस, या फोनने मला विचारलं नव्हतं पापणी उचलू का म्हणून. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? पण आता घरोघरी लोक मला आपल्याला हवं तसं उघडणार आणि मिटणार, हे मला नकोय. येसू हवी असेल तर अशी घ्या. सरळ डोळ्यांची हवी असेल तर दुसरी बाई बघा, नाव पण दुसरं द्या.”

तो खुर्चीत मागे रेलला. शेवटी साहेबच तो. “तुम्ही नातं लपवलंत,” म्हणाला. “मी दुसऱ्या कुणाकडून टॅग करून घेऊ शकतो.”

“घ्या की. विश्राम मंजुरी देणार नाही. ‘ही कोण?’ म्हणाला तो.”

“पुढचं काम तुम्हाला मिळेल याची खात्री मी देत नाही, मॅडम.”

“नका देऊ.”

त्याने कॉल ठेवला. मी लॅपटॉप मिटला आणि भिंतीला टेकून बसले. छापखाना बंद झाला तेव्हाही अशीच बसले होते. भीती वाटत होती, वाटत नव्हती असं उगाच कशाला सांगू? या वयात मला दुसरं कोण विचारणार होतं?

दोन दिवसांनी ओजसचा निरोप आला. चेहरा मान्य. गादीवाले गेले. शेवटचा भाग मी करून द्यायचा आणि ते माझं रेखांकुरमधलं शेवटचं काम. खाली त्याने वेगळं लिहिलं होतं: ‘मॅडम, माझ्या आईलाही येसू फार आवडते. पापणीसकट.’ मी त्याला उत्तर दिलं नाही, पण राग गेला.

शेवटचा भाग आम्ही विश्रामच्या खिडकीशी बसून केला. रोज दुपारी. तो सांगायचा, मी मॉडेलला लिहून द्यायचे, चित्र यायचं, तो मान हलवायचा. फार छान दिवस होते असं नाही. तो लवकर थकायचा आणि चिडायचा. मी पण चिडायचे. एकदा घाटाच्या वळणावरून आमचं असं जुंपलं की मृणालने टॅबच उचलून नेला. पण बोलत होतो. एवढ्या वर्षांचं न बोललेलं भांडण थोडं थोडं करून संपवत होतो.

गोष्ट साधी होती. येसू शेवटच्या भुताला सोडते. घाट रिकामा. कुणी हात करत नाही. ती टँकर डेअरीच्या फाटकाशी लावते, चावी काढते आणि सीटवर आडवी होते. शेवटच्या पानावर एकच मोठं चित्र. येसू झोपलीय.

मी लिहिलं, ‘येसू, गाढ झोपलेली, टँकरची सीट, सकाळ’. चित्र आलं. सदरा चुरगळलेला, तोंड थोडं उघडं, हात डोक्याखाली, दोन्ही डोळे शांत मिटलेले. मिटल्यावर दोन्ही पापण्या सारख्याच. कुठली कुठली ते ओळखूही येत नव्हतं. मला भरून आलं. म्हटलं, बाई, सुटलीस.

“किती सुंदर झालंय,” मृणाल म्हणाली.

“चूक आहे,” विश्राम म्हणाला.

“आता काय चूक?” मी म्हटलं. “झोपलीय ती.”

“तू अशी झोपत नाहीस.”

मी त्याच्याकडे बघितलं.

“तुझा डावा डोळा... पूर्ण मिटत नाही. झोपलीस तरी. थोडासा उघडा राहतो. पांढरी रेघ दिसते.”

मला हे माहीत नव्हतं. कसं असणार? स्वतःला झोपलेलं कोण बघतं? आणि मला झोपलेलं बघायला दुसरं होतं कोण? नंतर विचार केला तेव्हा पटलं. ताठर स्नायू पापणी धड वर नेत नाही, तसाच तो तिला धड खालीही येऊ देत नसणार. पण येसू आजवर झोपलीच नव्हती, त्यामुळे हे एकाही चित्रात नव्हतं. मॉडेलने जगातल्या सगळ्या झोपलेल्या माणसांवरून अंदाज बांधला होता.

“आई गेली ना,” विश्राम म्हणाला, “तेव्हा बाबा म्हणाले होते, ती घाटापलीकडे गेलीय. मला जायचं होतं. आणायला. तू झोपलीस की मी उठायचो. स्टुलावर चढायचो. कडीला हात घालायचो. मग वळून बघायचो, तू झोपलीस ना ते. आणि तुझा डोळा... उघडा. माझ्याकडे बघतेयस.”

मृणालने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“मला वाटायचं, ताई जागी आहे. ताई झोपतच नाही. मग परत येऊन... तुझ्या कुशीत झोपायचो. रोज.”

त्याने डावा हात पुढे केला. मी टॅबचं पेन त्याच्या बोटांत दिलं. येसूच्या डाव्या पापणीखाली त्याने एक वेडीवाकडी पांढरी रेघ ओढली. किती वेळ लागला त्याला! रेघ जराशी खाली घसरली, ती त्याने तशीच ठेवली. आणि काय सांगू, ती बाई एकदम मी झाली.

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, हसूही यायला लागलं, दोन्ही आवरेना.

“अरे गाढवा,” मी म्हटलं, “मी झोपलेली असायचे रे! दिवसभर राबून मेल्यासारखी झोपलेली असायचे. तू खुशाल निघून गेला असतास, तरी मला पत्ता लागला नसता!”